पोटात दुखतंय म्हटल्यावर पुढचं काय विचारायचं

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: "आई-वडील तासगाव तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात नोकरीला आहे. आईचं वय ५८. आठवड्यातून एकदा तरी ती फोनवर म्हणते, पोटात दुखाय लागलंय, गॅस झाला असंल. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणते, दोन दिवस बरं वाटतं, परत येरे माझ्या मागल्या. पोटदुखीचे प्रकार ओळखायचे कसे? कशाला थांबायचं आणि कशाला लगेच गाडी काढायची?"

मी सांगली जिल्ह्यात सर्जन म्हणून काम करते. पोट दुखणारा माणूस हा माझा रोजचा पेशंट. तुमच्या आईंबद्दल शेवटी सांगते, तो भाग तसा सरळ आहे. आधी एक स्पष्ट करते: फोनवर निदान करायला जाऊ नका. हाताखाली पोट असूनही मला कित्येकदा पहिल्या तासात काही कळत नाही; मी पेशंटला ठेवून घेते आणि तीन-चार तासांनी पुन्हा हात लावून बघते. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की हे पोट सकाळपर्यंत थांबेल की नाही. तेवढं फोनवरून बऱ्यापैकी ठरवता येतं, नीट विचारलं तर.

सगळे जण पहिल्यांदा विचारतात, "कुठं दुखतंय?" विचारा, पण त्या उत्तरावर फार भिस्त ठेवू नका. जठर, आतडी, पित्ताशय यांच्याकडून येणारे मज्जातंतू कातडीच्या मज्जातंतूंइतके नेमके नसतात. आतडं कापलं तरी त्याला कळत नाही. ते ताणलं, आवळलं, सुजलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की मात्र दुखतं. आणि तेही मोघम. जठर, पित्ताशय, स्वादुपिंड यांचं दुखणं बेंबीच्या वर मधोमध जाणवतं, लहान आतडं आणि अपेंडिक्सचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. म्हणून सुरुवातीला माणूस पोटावरून सगळा तळवा फिरवतो आणि म्हणतो, "हितंच कुठंतरी." पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की चित्र बदलतं, कारण त्या अस्तराचे मज्जातंतू नेमके असतात. आता माणूस तळवा फिरवत नाही, एक बोट ठेवतो. तळव्याचं बोट झालं की मी सावध होते.

तेव्हा जागेपेक्षा तीन गोष्टी विचारा. दुखणं सुरू कसं झालं? सुरू झाल्यापासून सरकलं का? आणि माणूस आत्ता कसा पडलाय?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात जास्त सांगतो. मुतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी राहत नाही. उठतो, बसतो, भिंतीला कपाळ टेकतो, खाटेवर या कडेचा त्या कडेला होतो. आरडाओरडा तोच सर्वात जास्त करतो, आणि वॉर्डमधले बाकीचे पेशंट त्याच्याकडेच बघत असतात. कोपऱ्यात दुसरा एक जण गुडघे वर घेऊन गप पडलेला असतो. विचारलं तर हळू आवाजात उत्तर देतो, श्वासही वरच्यावर घेतो, शेजारच्यानं खाटेला धक्का दिला की डोळे मिटतो. मी आधी त्याच्याकडे जाते. त्याच्या आतड्याला किंवा जठराला भोक पडलेलं असू शकतं आणि आतलं सगळं पोटभर पसरलेलं असू शकतं. हललं की दुखतं, म्हणून तो हलत नाही. अशा पोटाला हात लावला की ते फळीसारखं कडक लागतं. पेशंटनं सैल सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही.

हे घरी तपासायला साधे उपाय आहेत. खोकायला सांगा. खोकताना पोटात नेमक्या एका जागी कळ आली आणि हात आपोआप तिथं गेला, तर आतल्या अस्तराला सूज असण्याची शक्यता धरायची. लहान मुलाला दोन उड्या मारायला सांगा. जो पोरगा एका पायावर उड्या मारत हसतो त्याच्या पोटात बहुधा तातडीचं काही नसतं. आणि दवाखान्यात आलेल्याला मी विचारते, "येताना गाडी खड्ड्यात आपटली तेव्हा दुखलं का?" आमच्याकडच्या रस्त्यांचा एवढा एक उपयोग आहे.

सुरुवातीबद्दल. "परवापासून जरा जरा होतंय" आणि "नऊ वाजता, चहाचा कप हातात होता तेव्हा" या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. घड्याळातली वेळ सांगता येईल असं अचानक सुरू झालेलं, पहिल्या मिनिटापासून जोरात असलेलं दुखणं म्हणजे काहीतरी फुटलंय, पीळ पडलाय किंवा रक्तवाहिनी बंद झालीय, असं धरूनच चालायचं. मुतखडाही असाच अचानक येतो, पण तो वळवळतो, आणि कुशीतून पुढे जांघेत उतरतो. तो नाही म्हटल्यावर उरलेली यादी चांगली नाही. विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित पडणारा म्हातारा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय आणि पोट मात्र हाताला मऊ लागतंय, तर ते मऊ पोट बघून निर्धास्त होऊ नका. रक्ताची गुठळी जाऊन आतड्याची रक्तवाहिनी बंद झाली की सुरुवातीला असंच असतं, आणि हातात वेळ थोडा असतो.

सरकण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण अपेंडिक्सचं. दुपारी बेंबीभोवती कसंतरी वाटतं, जेवणावर वासना नसते, संध्याकाळी एखादी उलटी होते, घरचे म्हणतात काल भंडाऱ्याचं जेवलास त्याचं असेल. रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली जाऊन बसतं आणि तिथं मुक्काम करतं. ताप आला तर त्यानंतर, आणि बहुतेक वेळा बेताचा. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा लिहून ठेवली: कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर. आजही आम्ही तिथंच बोट ठेवतो. अर्थात सगळीच अपेंडिक्स पुस्तकं वाचून सुजत नाहीत. काहींची आतड्यामागे दडलेली असते, मग पोटापेक्षा पाठीकडे दुखतं. काहींची ओटीपोटात लोंबते, मग लघवीला जळजळ किंवा पातळ शी होते आणि दुसऱ्याच रोगाचं औषध सुरू होतं. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईत दुखणं नेहमीपेक्षा वर जाणवू शकतं. म्हाताऱ्यांत ताप आणि दुखणं दोन्ही कमी, आजार मात्र जास्त.

इथं एक धोका आहे. दोन दिवस दुखणारं पोट एकदम थांबतं. घरात सगळे खूश. अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण सुटतो, म्हणून थोडा वेळ हायसं वाटतं. काही तासांत पोट सगळीकडे दुखायला लागतं आणि फुगतं. दुखणं थांबलं पण माणूस ताजातवाना दिसत नाही, नाडी जोरात आहे, भूक नाही, तर ते बरं होणं नव्हे.

उलटीचा क्रमही विचारा, तो फुकटात मिळणारा पुरावा आहे. उलटी-जुलाब आधी आणि मग पोटात मुरडा, हे बहुतेक वेळा पोट बिघडल्याचं. जत्रेतलं किंवा लग्नातलं जेवण असेल आणि सोबत जेवलेल्या चौघांना तसंच होत असेल तर प्रश्न मिटला. ओआरएस द्या, लघवी होतेय का बघा. पण दुखणं आधी आणि उलटी नंतर असेल, जुलाब नसतील, तर "बाहेरचं खाल्लं" यावर थांबू नका. उलटी हिरवी असेल तर अजिबात नाही.

पोट फुगलंय, राहून राहून कळ येते, उलट्या होताहेत, आणि सकाळपासून शी तर नाहीच पण वाराही सरला नाही. ही चार वाक्यं एकत्र ऐकली की आतडं कुठंतरी अडकलंय असं समजा. पूर्वी पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल, अगदी वीस वर्षांपूर्वीचं, तर आत चिकटलेल्या पडद्यांमुळे असं होतं. आणि हर्निया. आमच्या भागातल्या वयस्क बायका जांघेतली गाठ कुणाला दाखवत नाहीत. सुनेला नाही, लेकीला नाही. मी लुगडं बाजूला करून जांघ तपासली नाही तर मलाही सांगणार नाहीत. गाठ आधी दाबली की आत जायची, आता जात नाही, टणक झालीय आणि दुखतेय, तर त्या रात्रीच निघायचं. जोर लावून आत ढकलत बसायचं नाही. जुलाबाचं औषध किंवा एरंडेल तर मुळीच नाही. अडकलेल्या आतड्याला आणखी जोर लावायला सांगितल्यासारखं होतं ते.

आता जागेबद्दल, पण भरभर. उजव्या बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर किंवा रात्री झोपेत, पाठीकडे आणि उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारं, अर्धा तास ते काही तास टिकणारं दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं. पाच-सहा तासांनी थांबलं नाही आणि थंडी वाजून ताप आला तर पित्ताशय सुजलंय. डोळे पिवळे झाले तर खडा पित्तनलिकेत उतरला असू शकतो. हेही खरं की सोनोग्राफीत सहज सापडलेल्या, कधीच न दुखलेल्या खड्यांचं ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. बेंबीच्या वर, आरपार पाठीत जाणारं, पुढे वाकून बसलं की जरा कमी होणारं, आदल्या दिवशीच्या दारूनंतरचं दुखणं म्हणजे स्वादुपिंडाची सूज. पित्ताच्या खड्यांमुळेही ती येते, तेव्हा न पिणाऱ्यालाही होते. उजवीकडे जडपणा, भूक मेलेली, लघवी गडद पिवळी, तर कावीळ. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचा पूर घरात आलेल्या गावांना वेगळं सांगायला नको, पिण्याचं पाणी बिघडलं की हिचा धोका वाढतो. दारू पिणाऱ्याला उजव्या बरगडीखाली ठणका आणि थंडीताप असेल तर यकृतात गळू झालंय का बघावं लागतं. डाव्या बाजूला खाली, ताप घेऊन, वयस्क माणसात, तर मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या सुजलेल्या असू शकतात.

आणि पोटाचं नसलेलं पोटदुखणं. याच्यासाठी मी थोडी थांबते, कारण इथंच माणसं जातात. पन्नाशीच्या पुढचा माणूस, त्यातून मधुमेही, बेंबीच्या वर दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, अस्वस्थ आहे, ढेकर येताहेत. घरात सोडा प्यायला देतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असाच येतो, छातीत कळ न येताही येतो, बायकांत तर सर्रास. या माणसाला आधी ईसीजी, मग पोटाचा विचार. ईसीजी तालुक्याच्या ठिकाणी कुठंही निघतो. पहिला नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल तर अर्ध्या तासानं दुसरा काढायला सांगायचा. मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या तरुण पोरापोरींत साखर बेसुमार वाढून रक्त आम्ल झालं की पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. लहान मुलांत फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तर मूल पोटावर हात ठेवतं. आणि एका बाजूला पट्ट्यात जळजळ, आग, कपडा लागला तरी सहन होत नाही, तपासण्या सगळ्या नॉर्मल; तीन-चार दिवसांनी तिथंच पाणी भरलेले फोड उठतात, ती नागीण.

आमच्या भागाच्या म्हणून तीन गोष्टी सांगते, या मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या पटकन लक्षात येतीलच असं नाही.

पहिली, मण्यार. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ मजुरांच्या कोप्या पडतात, माणसं जमिनीवर झोपतात. गावातही शेडमध्ये, ओट्यावर जमिनीवर झोपणारे आहेतच. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा झोपेतल्या माणसाला. दात बारीक, चावा दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. उलटी होते. अशा एका बाईला आमच्याकडे पोटदुखी म्हणूनच आणलं होतं. पोट मऊ होतं, ताप नव्हता. ती "काय नाय, पोटातच दुखतंय" म्हणत होती, आणि बोलताना वर बघायचं असलं की डोळ्यांऐवजी मान वर करत होती. पापण्या उचलत नव्हत्या. त्यानंतर गिळायला त्रास, आवाज बदलणं आणि शेवटी श्वास बंद पडणं, हा पुढचा क्रम असतो. सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, पण मण्यारीच्या पेशंटला श्वासाचं यंत्रही लागू शकतं, म्हणून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच न्यायचं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठला तर फोनवर एकच विचारा: "डोळे नीट उघडताहेत का?"

दुसरी, फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत औषध मारायची घाई असते. मास्क नाही, अंगावर वाऱ्यानं उलटं आलेलं औषध, तेच हात धुतल्यासारखे करून खाल्लेली भाकरी. संध्याकाळी पोटात मुरडा, मळमळ, जुलाब. सोबत तोंडाला लाळ सुटलीय, घाम येतोय, डोळ्यांच्या बाहुल्या आकसून बारीक झाल्यात, धूसर दिसतंय, तर हे पोट बिघडणं नव्हे, कीटकनाशकाची बाधा आहे. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, आणि औषधाची बाटली किंवा पुडा सोबत घेऊन दवाखान्यात या. बाटलीवरचं नाव बघून उपचार ठरतात.

तिसरी घाईची नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात मेंढ्या आहेत आणि मेंढ्यांबरोबर कुत्री आहेत. कुत्र्याच्या विष्ठेतून एका पट्टकृमीची अंडी हातावर, भाजीवर येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी वाढतात. वर्षानुवर्षं काही नसतं, मग उजवीकडे जडपणा, पोट भरल्यासारखं. सोनोग्राफीत दिसतं. अशी गाठ कुणीही सहज सुई घालून बघायची नसते. मेंढी कापल्यावर तिचं काळीज, फुफ्फुसं कुत्र्यापुढे टाकायचं बंद केलं तरी हे चक्र बरंच तुटतं.

बायकांच्या पोटदुखीत एक प्रश्न चुकवायचा नाही: पाळी कधी आली होती? सासू खोलीत असली तर खरं उत्तर मिळत नाही, म्हणून मी बाकीच्यांना बाहेर पाठवते. पाळी चुकून एक-दोन आठवडे झालेत, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं लाल जातंय, उठल्यावर चक्कर येते, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली की पोटात रक्त साठतं. ते छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, हे विचित्र वाटतं पण खरं आहे. "माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे राहतील?" असं बायका म्हणतात. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर ते नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. लघवीच्या चाचणीची पट्टी मेडिकलमध्ये मिळते. याशिवाय बीजकोशाच्या गाठीला पीळ पडला तर अचानक, उलटी करवणारी कळ येते. दर महिन्याला पाळीत दुखणं हा वेगळा विषय. पण जे दुखणं वर्षागणिक वाढतं आणि ज्यासाठी पोरगी दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडवते, त्याला "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून गप्प बसवू नये.

मुलांचं. शाळेच्या वेळेला दुखणारं, बेंबीवर बोट दाखवणारं, खेळायला गेलं की विसरलं जाणारं पोट आई-बापांना पाठ असतं. ढोबळ नियम असा की दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकं ते शोधायला हवं. पण सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतंय, मध्ये एकदम मलूल होऊन पडतंय, आणि शीमध्ये रक्त-शेंब दिसतेय, तर आतड्यात आतडं शिरलंय. ग्राइप वॉटर देत बसू नका. आणि दहा ते सोळा वयाचा मुलगा पहाटे पोट धरून उठला तर त्याची चड्डी काढून बघायला हवी. अंडाला पीळ पडला की लाजेपोटी पोरगा "पोट दुखतंय" एवढंच सांगतो. सहा तासांच्या आत सोडवलं तर अंड बहुधा वाचतं, नंतर शक्यता झपाट्यानं घटते. ही पोरं आईला सांगत नाहीत, बापानं विचारावं.

मग गॅस नावाचं काही नसतंच का? असतं. पोट गुरगुरतं, जेवल्यावर तडस लागते, वारा सरला की बरं वाटतं, शी झाली की मोकळं होतं. वर्षानुवर्षं तेच, वजन तेवढंच, रात्री झोपमोड होत नाही, ताण वाढला की वाढतं. हे आतड्याच्या चालीचं दुखणं, त्रासदायक पण धोक्याचं नाही. बद्धकोष्ठ तर घरोघर. दूध पचत नसलं तरी असंच होतं. पण माझी हरकत याला आहे की पश्चिम महाराष्ट्रात गळ्यापासून जांघेपर्यंतच्या प्रत्येक दुखण्याला गॅस म्हणतात आणि ते म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. झोपेतून उठवणारं दुखणं, उतरणारं वजन, काळीकुट्ट चिकट शी, शीमध्ये रक्त, रोज संध्याकाळी येणारा बारीक ताप, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, किंवा कारण नसताना कमी झालेलं हिमोग्लोबिन, यातलं एकही असेल तर तो गॅस नाही. आतड्याचा टीबी आणि आतड्याचा कॅन्सर दोन्ही महिनोन्‌महिने गॅसच्या नावावर खपतात.

घरी काय करू नये, तेही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं. सुजलेलं अपेंडिक्स चोळल्यानं फुटू शकतं. निदान होईपर्यंत जेवण लादणं. ऑपरेशन लागलं तर भरलेलं पोट अडचणीचं होतं. ठिकाण न कळलेल्या दुखण्यावर घरच्या घरी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. दवाखान्यात मात्र दुखण्याचं इंजेक्शन द्यायला हरकत नसते. त्यानं निदान लपतं ही जुनी समजूत आता मागे पडलीय, तेव्हा तळमळणाऱ्या माणसाला तसाच ठेवा असा आग्रह धरू नका. मुतखड्याची कळ चालू असताना घागरभर पाणी पाजूनही खडा धुऊन निघत नाही, उलटीच होते. पाणी रोजच्या सवयीचं हवं. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, पण खड्याबरोबर थंडीताप असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. आणि "सोनोग्राफी नॉर्मल आली" यावर विसंबू नका. सोनोग्राफीत पित्ताचे खडे छान दिसतात, जठराचा अल्सर दिसत नाही, फुगलेल्या पोटात अपेंडिक्स कित्येकदा सापडत नाही. जठराला भोक पडलंय का हे उभं करून काढलेल्या साध्या एक्स-रेत पुष्कळदा कळतं. छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवेची काळी पट्टी दिसते.

आता तुमच्या आई. आठवड्याला येणारं, ॲसिडिटीच्या गोळीनं दबणारं आणि परत उठणारं दुखणं. माझा पहिला प्रश्न: गुडघ्याला काय घेतात? पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाईड, किंवा नाव नसलेली पुडी. शेतात राबलेल्या बाईच्या डब्यात यातलं काही ना काही निघतंच. रिकाम्या पोटी घेतलेल्या या गोळ्यांनीच अल्सर होतो असा समज आहे, पण भरल्या पोटी घेतल्या तरी धोका टळत नाही, कारण त्या रक्तातून जठराचं अस्तर कमजोर करतात. त्या दुखणंही दाबतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या अल्सरची पहिली खबर कधी कधी थेट भोक पडल्यावरच मिळते. मिश्री लावत असतील तर तीही विचारा. तंबाखूनं अल्सर भरून यायला उशीर लागतो. दुसरं कारण जंतूचं. अल्सर तिखटानं आणि काळजीनं होतो असंच पूर्वी शिकवलं जायचं. ऑस्ट्रेलियातले रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूचा त्यात मोठा हात आहे. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूवर दोन आठवड्यांचं औषध असतं.

वय ५८ आणि त्रास वारंवार, म्हणजे गोळ्या बदलत बसायची वेळ गेलीय. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीनं जठराची तपासणी, एवढं करून घ्या. तासगावहून मिरज-सांगली जवळच आहे. मिरजेला १८९४ मध्येच मोठं हॉस्पिटल सुरू झालं आणि दुर्बीण आता बऱ्याच ठिकाणी मिळते. रात्री हलकं जेवण, सकाळी उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, पाच-दहा मिनिटांचं काम. जंतूची तपासणी खरी यायची असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं, म्हणून तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा. त्या काळात फार जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड चालतं. गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद; दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि गुडघे वेगळे दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी दिलेली असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका. शी काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या रंगाचं काही आलं, किंवा एकदम पोटात सुरी मारल्यागत होऊन त्या गप पडून राहिल्या, तर दोन आठवडे वगैरे काही बघायचं नाही. वडिलांना सांगा, १०८ लावा, आणि निघताना गोळ्यांचा तो डबा पिशवीत टाका.